दोघांत एक वही

आम्ही जुने मास्तर जमलो की बोलणं फिरून फिरून गणिताच्या वह्यांवर येतं. इतिहासाच्या वहीत सगळी पोरं सारखंच लिहितात, गणिताच्या वहीत मात्र घर दिसतं. लढाईच्या काळात मी पुणतांब्याच्या शाळेत चौथीला शिकवायला होतो. तेव्हाच्या वह्यांचे किस्से मला अजून पुरतात!

*

आमच्या हेडमास्तरांचा ताळ्यावर फार जीव. गणिताखाली 'ताळा जमला' असं लिहिलं नसेल तर वही परत. एका पोराच्या वहीत पानंच्या पानं कोरी, खाली मात्र ओळीनं 'ताळा जमला'!

"अरे, गणितं कुठंयत?" हेडमास्तरांनी विचारलं.

"ती उद्या करतो, गुरुजी. अवघड काम आधी उरकलं."

*

पुस्तकातलं गणित होतं: एका मोटेनं विहीर सहा तासांत रिकामी होते, तर तीन मोटांनी किती वेळात? कोंडी नावाच्या पोरानं उत्तर लिहिलं, 'होणार नाही. खाली झरा आहे.'

मी पूर्ण मार्क दिले.

*

दुसऱ्या एका गणितात बांध घालायला साडेतीन गडी लागत होते. एका मुलीचं उत्तर: 'तीन गडी आणि मी.'

*

तेव्हा कागद मिळत नसे. वही दोनदा वापरायची, आधी पेन्सिलीनं, मग त्याच ओळींवर शाईनं. सखाराम नावाच्या एका शेतकऱ्याच्या घरी तर दोन पोरांत एकच वही. दादू नापास होऊन धाकट्या बहिणीच्या, गंगूच्या वर्गात आलेला. तो पेन्सिलीनं गणित सोडवी, त्याच्यावर गंगू शाईनं. मी तपासताना दादूला निळी खूण करायचो, गंगूला लाल.

एक दिवस सखाराम शाळेत आला. "गुरुजी, पोरीचं नाव काढा. दोगांना वही पुरत न्हाई. दादूला शिकू द्या."

गंगू दाराशी उभी होती, डोळे भरलेले. मला फार वाईट वाटलं. तिच्यासारखी हुशार मुलगी वर्गात दुसरी नव्हती.

सखारामला वाचता येत नव्हतं. मी वही त्याच्यापुढं धरली. "निळं दादूचं, लाल गंगूचं. फुली म्हणजे चूक."

तो एकेक पान उलटत गेला. निळ्या फुल्या पानोपानी होत्या, लाल एकही सापडेना. मग वही गंगूच्या हातात देऊन मला म्हणाला,

"नाव ऱ्हाऊ द्या. पन गुरुजी, दादूला सांगा, पेन्सिल हलकी दाबत जा म्हनावं. पोरीला वर लिव्हाया तरास व्हतो."