खोटं माप

नाटकगृहाच्या पडद्याची मखमल घरात आली आणि टेलरबाईंना जेवण सुचेना. गडद लाल, जाड, हात फिरवला की छटा बदलणारी! आयुष्यभर शाळेचे गणवेश आणि गाद्यांच्या खोळी शिवल्या, आणि आता नाटकाआधी सगळं गाव ज्याच्याकडे टक लावून बसणार तो पडदा त्यांच्या कात्रीखालून जाणार होता. "अहो, हात तरी लावून बघा," असं त्या नवऱ्याला सकाळपासून सांगत होत्या. नवरा बसवरून निवृत्त झालेला, गल्लीत सगळे त्यांना अजून ड्रायव्हरसाहेबच म्हणत. बिचारे दर वेळी हात पुसून मखमलीला लावत होते.

आड येत होती ती पाठ. बाईंना स्तनाचा कर्करोग होऊन बरीच वर्षं झाली होती. तो जाणार नाही, औषधांनी आटोक्यात ठेवायचा, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. रोजची गोळी, महिन्याचं इंजेक्शन, मधूनच स्कॅन, सगळं बाईंनी अंगवळणी पाडून घेतलं. पण हल्ली कंबरेच्या वर जी कळ उठायची तिने नाकी नऊ आणले होते. टेबलावर वाकलं की डोळ्यांपुढे काजवे, आणि पडदा कापायचा म्हणजे वाकणं आलंच.

दुखणं शून्य ते दहात किती, असं दवाखान्यात दर वेळी विचारत. बाई ठोकून द्यायच्या, "दोन." आकडा वाढला की दवाखान्यात ठेवून घेतील, मखमल दुसऱ्याच्या टेबलावर जाईल, ही धास्ती.

त्यांनी आपला उपाय काढला. दुकानातला पाठीला आधार देणारा रुंद पट्टा वर छातीशी, ऑपरेशनच्या जागी काचायचा, म्हणून स्वतःच एक बेतायचा. पण आपलं माप आपल्याला नीट घेता येत नाही. टेप गेली ड्रायव्हरसाहेबांच्या हातात.

"उलटी धरलीत. स्टिअरिंग नाही ते."

त्यांनी टेप सुलटी केली, कंबरेभोवती फिरवली आणि आकड्याकडे बघतच राहिले.

"अहो, आकडा?"

त्यांनी आकडा सांगितला. बाईंनी भराभर बेतलं, कापलं, शिवलं, मोठ्या हौसेने पट्टा बांधला, आणि तो सरळ घसरून मांड्यांवर आला.

"हे कुणाचं माप?"

"तुझंच. आजाराच्या आधीचं," ड्रायव्हरसाहेब खाली बघत म्हणाले. "खरा आकडा फार कमी होता गं. तोंडातून निघेना."

बाईंचं टाळकं सरकलं. "मला खोट्या मापावर कापड कापायला लावलंत? मला?"

"आणि तू? रात्री कूस बदलताना उशी चावतेस, ते दोनाचं दुखणं आहे? डॉक्टरीणबाई त्याच मापावर औषध बेततायत ना?"

उभ्या आयुष्यात कुणी त्यांना त्यांच्याच धंद्यात असं पकडलं नव्हतं. त्यांनी दवाखान्यात फोन लावला. "आठ," त्या म्हणाल्या. "कधी कधी नऊ." आणि ढसाढसा रडल्या, पण काय मोकळं वाटलं म्हणून सांगू!

त्यांना लगेच बोलावून घेतलं. आजाराने पाठीचा एक मणका कमजोर केला होता, वेळेवर कळलं म्हणून बरं. त्या जागी किरणांचे उपचार झाले, दुखण्याच्या गोळ्या बदलल्या. बाईंचा प्रश्न एकच होता.

"वाकायचं नाही, गठ्ठे उचलायचे नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कात्रीला माझी हरकत नाही."

नाटकगृहाच्या मॅनेजरला बाईंनी फोनवर सगळं खरंखरं सांगितलं, जीव मुठीत धरून. तो म्हणाला, "थांबतो की. पडदा तुमच्याच हातचा हवाय." फोन ठेवून त्यांनी ड्रायव्हरसाहेबांना असं गदागदा हलवलं की त्यांचा चष्मा नाकावरून उडाला.

शेवटी तो दिवस उजाडला. टेबलाच्या पायांखाली विटा, शेजारी उंच स्टूल, मखमलीचं दुसरं टोक ड्रायव्हरसाहेबांच्या हातात. बाईंनी खडूची रेघ ओढली आणि ताठ उभ्या राहून कात्री घातली. काय चालली कात्री! अर्ध्यावर पाठीत कळ आली. ड्रायव्हरसाहेबांनी बघितलं, पण विचारलं काहीच नाही.

"पाच," बाई आपणहून म्हणाल्या आणि कात्री बाजूला ठेवून स्टुलावर बसल्या.

ते मखमल धरून उभे राहिले.