दाव्यासकट

आमच्या बचत गटाचा नियम साधा आहे. बकरी फुकट मिळते. फक्त ती व्याली की पहिली पाठ, म्हणजे मादी पिलू, दूध तुटल्यावर यादीतल्या पुढच्या बाईला द्यायची. माझ्या बकरीला पाठ झाली, आणि यादीत पुढचं नाव निघालं माझ्या धाकट्या जावेचं. आमच्या चुली कधीच्याच वेगळ्या, पण अंगणातली भिंत एकच. तिच्या नवऱ्याचं बोरगावकडचं काम सुटलं तेव्हापासून ती संत्रा तोडायला जाते. तोडा संपला की हात रिकामे. तिला ती पाठ हवी होती, फार हवी होती. तोंडानं म्हणणारी मात्र ती नाही.

द्यायच्या दिवशी मी पाठीला गूळ चारला, कपाळाला हळद-कुंकू लावलं, आणि गळ्यातलं दावं सोडून घेतलं. जनावर विकलं की दावं द्यायचं नाही, दावं घरी राहिलं तर गोठा रिकामा होत नाही, असं सासूबाई सांगायच्या. हात आपोआपच गेला बघा. जावेनं पाहिलं. जुन्या साडीची किनार फाडून पाठीच्या गळ्यात बांधली आणि घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ माझ्या अंगणात, किनार चघळत. परत पाठवली, तर संध्याकाळी पुन्हा हजर. आईचा आवाज भिंतीपलीकडून येतो, ती तरी कशी राहील? तिसऱ्या दिवशी जाऊ दारात उभी राहिली.

“बाई, तुम्ही चारा दाखवून बोलावून तं नाही राहिल्या ना तिले?”

“मी काहून बोलावीन वो? तुह्या साडीची चव लागली असंल तिले.”

ती हसली नाही. “चार दिवसांत गटाच्या ताई पाहाले येऊन राहिल्या. जनावर माह्या घरी दिसलं नाही तं माह्यं नाव यादीत खाली जाते. मंग नंबर कधी लागंल?”

“तं दोर बांध ना मजबूत.”

“दोर आणता येते मले,” ती म्हणाली. “पण तुम्ही दावं ठेवून घेतलं. गिऱ्हाइकाले द्यावी तशी पाठ देल्ली मले. घरच्या माणसाले कोणी असं देते का?”

ती गेली आणि मी खुंटीवरच्या त्या दाव्याकडे बघत बसले. मला बकरी दिली ती तिगावकडच्या एका बाईनं. ओळख ना पाळख, तरी दाव्यासकट दिली, वर चाऱ्याला ओटीभर तुरीचं कुटार. पुढं बकरीला नवा दोर घेतला आणि तेच जुनं दावं मी पाठीला बांधलं होतं. म्हणजे जे मी राखून ठेवलं, ते माझं नव्हतंच.

दावं उचललं, बकरीही सोडली, आणि दोन्ही घेऊन भिंतीपलीकडे गेले. “पाठ रुळेपर्यंत हिची माय इथंच राहू दे,” म्हटलं. जावेनं दावं हातात घेतलं, गाठ ओढून पाहिली, आणि मला बसायला पाट सरकवला.

ताई आल्या तेव्हा तिच्या दारात दोन जनावरं. “यातलं तुमचं कोणतं?” त्यांनी विचारलं.

“जुन्या दाव्याचं,” जाऊ म्हणाली.

बकरी परत आणली तेव्हा पाठ मागं आली नाही. त्या चार दिवसांत माझ्या बकरीचं दूध कोण प्यायलं, पाठ की जाऊ, ते मी विचारलं नाही. तिच्याकडून रोज चहा मात्र येत होता, बकरीच्या दुधाचा.