कुंदा धावत फ्रेममध्ये आली

“कुंदा गेली गं,” एवढंच तिची आई फोनवर म्हणाली. सकाळची आठची वेळ, मी शाळेच्या मैदानावर मुलींना रांगेत उभं करत होते. मी सहज विचारलं, “कुठं गेली? शूटिंगला?” कारण कुंदा सतत कुठंतरी गेलेलीच असायची... पलीकडून रडणं ऐकू आलं, तेव्हा कळलं. बदलापूरच्या घरी चहा पिता पिता मेंदूत रक्तस्राव झाला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. चव्वेचाळीस वर्षांची होती. त्याला आता सहा आठवडे झाले. रडून झालंय. आज तिच्याबद्दल लिहायला बसले तर छातीत धडधडतंय, मॅचच्या आधी धडधडायचं ना, अगदी तसं. कुंदाबद्दल दुसऱ्या कुठल्या सुरात मला लिहिताच येणार नाही.

आमची गाठ पडली उल्हासनगरच्या कॉलेजात. मुलींची फुटबॉल टीम नुकतीच सुरू झाली होती आणि मी कॅप्टन होते. कॅप्टन म्हणजे काय, तर कशाबशा अकरा मुली जमवायच्या. दहा जमल्या होत्या. अकरावी कुंदा. बदलापूरच्या पलीकडच्या गावातली, आगरी शेतकऱ्याची मुलगी, पंजाबी ड्रेस आणि अनवाणी पाय. “शूज?” मी विचारलं. “चावतात,” ती म्हणाली आणि माझ्या पायातला बॉल अलगद काढून घेऊन पळाली. काय पळायची! उजव्या बाजूनं एकदा सुटली की समोरच्या पोरी नुसत्या वळून बघत राहायच्या. घरी वडिलांना पत्ता नव्हता. आई त्यांना सांगायची, पोरगी शिवणक्लासला जाते. तीन वर्षांत कुंदानं साधा ब्लाउज शिवला नाही, गोल मात्र ढिगानं केले.

मग शेवटच्या वर्षी सेमीफायनलला तिचा गुडघा फिरला. आवाज मला ऐकू आला होता... फायनलच्या दिवशी ती प्लास्टर घालून बाकावर. सरांनी तिच्या हातात कॉलेजचा व्हिडिओ कॅमेरा दिला, “खेळता येत नाही तर शूटिंग तरी कर.” आम्ही एक-शून्यनं जिंकलो! दुसऱ्या दिवशी सगळ्या टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसलो, कॅसेट लावली, आणि कॅसेटमध्ये गोलच नव्हता. आमच्या गोलकीपरचे थरथरणारे ओठ होते, समोरच्या टीमचे सर नखं खात होते, आणि मी तोंड वासून आकाशाकडं बघत होते. “अगं, गोल कुठाय?” मी ओरडले. “गोल सगळ्यांनीच बघितला शुभे,” ती शांतपणे म्हणाली, “तुझं तोंड कुणी बघितलं होतं?” दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती कॅसेट परत बघायला मागितली.

गुडघा कधी नीट झालाच नाही. कुंदा उल्हासनगरच्याच कॅम्प पाचमधल्या लछूभाईंच्या दुकानात लग्नाचे व्हिडिओ काढायला लागली. लछूभाई कपाळाला हात लावायचे, “अरे बेटा, दुल्हन को छोड के तू हलवाई को क्यूँ शूट करती है?” पण एडिटिंग तिला त्यांनीच शिकवलं, शेजारी बसवून, पोटच्या पोरीसारखं. आणि गंमत म्हणजे लोक दुकानात येऊन विचारायला लागले, वो घुटनेवाली मॅडम आहे का, तिलाच पाठवा! पुढं तिनं स्वतःचे दोन-तीन छोटे माहितीपट केले. मी तोवर अंबरनाथच्या शाळेत खेळाची बाई झाले होते. एका रविवारी ती घरी आली, चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, “शुभे, मोठा सिनेमा करायचाय. तू कोच.”

अंबरनाथ एमआयडीसीत पॅकिंगचं काम करणाऱ्या चौदा बायका, बॉलला कधी पाय न लावलेल्या. चार महिने दर रविवारी मी त्यांना शिकवायचं, कुंदा चित्रित करणार, आणि शेवटी कॉलेजच्या मुलींच्या टीमशी खरीखुरी मॅच. “शेवट काय लिहिलायस?” मी विचारलं. “काहीच नाही. खेळून बघू.”

मॅचच्या दिवशी पहिली शिफ्ट तीनला सुटणार होती आणि नेमका त्याच दिवशी आठजणींना ओव्हरटाइम लागला. साडेचार वाजले, मैदानावर आमच्या सहाच जणी. “थांबूया,” मी म्हणाले. “ऊन थांबणार नाही,” कुंदा म्हणाली, “ सुरू कर!” सहाजणी अकराजणींशी खेळायला लागल्या. एक गोल झाला, दुसरा झाला... आणि मग दोन रिक्षा धुरळा उडवत थेट मैदानाच्या कडेला आल्या! कंपनीचा ॲप्रन, डोक्यावर टोपी तशीच ठेवून बेबीताईनं उडी मारली. ही बेबीताई अठ्ठेचाळीस वर्षांची, तिला ऑफसाइडचा नियम शेवटपर्यंत कळला नाही. मैदानाच्या मध्यावर तिला बॉल मिळाला आणि ती कुणालाही पास न देता सरळ धावत सुटली. “मार! बेबीताई, मार!” आम्ही सगळ्या किंचाळत होतो. तिनं मारला, आणि बॉल जाळीत!

कुंदानं हातातला कॅमेरा माझ्या अंगावर ढकलला आणि लंगडत, ओरडत, मैदानात धावली. पलीकडं स्टँडवर लावलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्यात ते सगळं आलं, सिनेमाची दिग्दर्शकच चालत्या खेळात घुसून बेबीताईला मिठी मारतेय... मॅच आम्ही चार-एकनं हरलो. नंतर जो तो तिला म्हणाला, तेवढं काप, चूक दिसते. तिनं ऐकलं नाही. “मी बाहेर उभी राहून बघत होते असं दाखवलं तर ते खोटं होईल,” म्हणाली.

‘पहिल्या शिफ्टनंतर’ हे त्या सिनेमाचं नाव. तो पहिल्यांदा दाखवला अंबरनाथच्या शिवमंदिरापासून जवळच्या एका हॉलमध्ये. चौदा बायका, त्यांचे नवरे, पोरं, सासवा, लछूभाई, आणि पहिल्या रांगेत कुंदाची आई. निकाल सगळ्यांना पाठ होता, तरी बेबीताई धावायला लागली आणि अख्खा हॉल उभा राहिला! कुंदाची आई खुर्चीवरच चढली होती. तिनं लेकीला मैदानात धावताना आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, ते त्या पडद्यावर.

परवा मी बदलापूरला तिच्या आईकडं गेले. कुंदाची खोली आवरलेली होती, टेबलावर चार्जर आणि त्यात लुकलुकणाऱ्या दोन बॅटऱ्या. आई म्हणाली, “दर आयतवारी लावते. उतरल्या तं कुंदा वरडंल.” मग तिनं कपाटातून कॅमेरा काढला, बॅटरी बसवली, आणि माझ्याकडं धरला. कुठलं बटण दाबायचं ते तिला नेमकं ठाऊक होतं. म्हणाली, “कुंदीनं शिकवलंय मना. लाल दिवा पेटलाय बघ. बोल ना कायतरी.”

“काय बोलू?”

“काय पन बोल. जोरात बोल.”

मी बोलत सुटले.