नोझल जिल्ह्याहून येतंय

वीरण्णा मिस्तरी इंजिनाशी कसे बोलायचे, ते मला हुबेहूब येतं. आधी डोळे बारीक, मग मान वाकडी, मग नाकातून, "हां... बोल की रं बाबा, कुठं दुखून राहिलंय?" औशाच्या आसपासच्या विहिरींवरची डिझेल इंजिनं तेच दुरुस्त करायचे, आणि त्यांची हत्यारांची पिशवी मी धरायचो. डुक-डुक करता करता गपकन बंद पडलं, की नळीत हवा शिरली. काळा धूर ओकत खोकलं, की डिझेल फवारणारं नोझल बिघडलं. दोन्ही आवाज मी तोंडानं काढतो. लोक लई हसतात.

त्या वर्षी मात्र इंजिनं ठणठणीत होती आणि बोलावणी थांबत नव्हती. पाऊस नव्हता, विहिरी आटत चालल्या होत्या, पण तसं कुणी म्हणत नसे. इंजिन दम धरंना, म्हणत. वीरण्णांचं म्हणणं असं, की इंजिनाचा दोष सांगितला तर माणूस सुस्कारा टाकतं, विहिरीचा सांगितला तर मटकन खाली बसतं. अशी खाली बसलेली माणसं त्यांनी त्या उन्हाळ्यात पाहिली होती.

मग गुरम्माक्कांचं बोलावणं आलं. त्यांचा पानमळा होता, नवरा गेल्यावर एकटीनं जपलेला. शिवारात तेवढाच तुकडा हिरवा उरला होता. नागवेलीचं पाणी तुटलं की वेल मान टाकते, आणि एकदा गेलेली वेल पुन्हा उभी करायला वर्षं जातात. वीरण्णांनी हँडल मारलं. इंजिन सुरेख चाललं. पाइपानं घोटभर पाणी टाकलं आणि फसफसून नुसती हवा सोडली. त्यांनी विहिरीत वाकून पाहिलं. तळाला थोडं पाणी चमकत होतं, पण झरा मेला होता.

"पाणी दिसतंय की रं वीरण्णा," गुरम्माक्का म्हणाल्या. घागर रिती होताना येतो तसा, शेवटी बारीक होत जाणारा आवाज. "इंजिनालाच जोर न्हाई. व्हय ना?"

वीरण्णांनी मान वाकडी केली. "हाव आक्का. नोझल गेलंय. जिल्ह्याहून मागवतो."

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कालपर्यंत 'लातूरला जाऊन येतो' म्हणणारे आता छाती काढून 'जिल्ह्याला जाऊन येतो' म्हणत. जिल्ह्याहून येणारी वस्तू येणारच, यावर कुणी शंका घेत नसे.

शेजारच्या मलप्पांच्या विहिरीला अजून पाणी होतं. त्यांनी आपणहून पाण्याची एक पाळी देऊ केली. गुरम्माक्कांनी नको म्हटलं. तुमच्या जनावरांच्या तोंडचं कशाला घेऊ, आमचं नोझल येऊनच राहिलंय. मलप्पांनी ती पाळी दुसऱ्याला दिली. पुढं त्यांचीही विहीर खाली गेली.

वाटेत गाठ पडली की वीरण्णा सांगत, आज गाडी आली न्हाई, आज दुकान बंद होतं. त्यांची सगळी बोलणी मला जमतात, ही तेवढी जमत नाहीत. आवाजच नसायचा त्या बोलण्यांना.

शेवटी त्यांनी एक जुनं नोझल रॉकेलनं धुऊन आणलं आणि बसवलं. इंजिन असं सुरात लागलं, की तसं मी पुन्हा ऐकलं नाही. पाइपातून थेंब आला नाही. गुरम्माक्का उठल्या आणि स्वतः विहिरीत वाकल्या. तळाच्या गाळाला भेगा पडल्या होत्या.

"विहीर गेली म्हणाला असतास," त्या म्हणाल्या, "तर मलप्पाचं पाणी घेतलं असतं मी."

वीरण्णांनी इंजिन बंद केलं. त्या मळ्याकडं निघाल्या, तेही मागं गेले. शेवरीच्या काठ्यांवर वेली सुतळीसारख्या लोंबत होत्या. पानमळ्यात चप्पल घालून कुणी पाऊल टाकत नाही, म्हणून बांधावर थांबून ते चपला काढायला वाकले.

गुरम्माक्कांनी मागं वळून पाहिलं.

"राहू दे पायात," त्या म्हणाल्या. "आता कुठला मळा."