वहिनीचं पुनर्प्रशिक्षण

काच कारखान्याच्या कचेरीत मी सूचना टाइप करतो. त्या दिवशी साहेबांनी कागद दिला: 'तपासणी विभागातील कर्मचाऱ्यांना पुनर्प्रशिक्षित करण्यात येईल.' अर्थ सरळ आहे. काम बदललं की माणसाला नव्या कामासाठी पुन्हा शिकवायचं. पण हा शब्द वापरतात कसा, ते मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी पॅकिंगवाल्यांसाठी मीच तो टाइप केला होता. चाळीस जण होते, उरले दोघे. आणि तपासणीत माझी वहिनी होती.

एकवीस वर्षं ती उजेडाच्या पडद्यासमोर बसून धावत्या बाटल्या बघत होती. तडा, बुडबुडा, वाकडी मान, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. डोळे शिणतात म्हणून दर वीस मिनिटांनी बायका जागा बदलत. ही मात्र दुसरीच्या पाळीतही मान वळवून खराब बाटल्या हेरायची. घरी पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधीसुद्धा ग्लास उजेडात धरायची. भाऊ अंथरुणाला खिळल्यापासून त्यांचं घर तिच्याच पगारावर चाललं होतं.

"वहिनी, या शब्दाचं काही खरं नाही," मी म्हणालो.

"भावजी, तुम्हाला जिथंतिथं भूतंच दिसतात. शिकवतायत तर शिकू की!"

बाटल्यांच्या सरकत्या पट्ट्यावर कॅमेरा बसला. प्रत्येकीच्या हाती एक बटण आलं. खराब बाटली दिसली की दाबायचं, दीड महिना एवढंच. त्या बटणावरून शिकत हळूहळू कॅमेरा तिच्याआधी लाल दिवा लावू लागला. बाकीच्या बायका शहाण्या, मुद्दाम चुकीचं दाबायच्या. वहिनीला ते खपेना. "खराब बाटलीला चांगली कशी म्हणू?" मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. सूचना मीच टाइप केली होती ना!

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी साहेब मला म्हणाले, "बुडाचा केसाएवढा तडा काही कॅमेऱ्याला दिसत नाही. तेवढ्यासाठी तुझ्या वहिनीला ठेवावं लागेल." तिला सांगायला मी धावतच खाली गेलो.

कॅमेरा बसवणारा इंजिनिअर सामान आवरून दाराशी पोचला होता. वहिनी त्याला हाका मारत होती. "अहो, थांबा! तुमचं यंत्र हा तडा सोडतंय. बाटलीकडे असं तिरकं बघा." त्याने कॅमेरा तिरका केला. लाल दिवा लागला. वहिनी खुशीत हसली.

सोमवारी तिचा कागद टाइप करायला माझ्याकडेच आला: 'पुनर्प्रशिक्षण पूर्ण. पद रद्द.' तो मीच तिच्या हातात दिला. तिने दोनदा वाचला.

"पण भावजी," ती म्हणाली, "मला अजून कुणी काही शिकवलंच नाही."