पुढे जाहिरात आहे, चाचा

मी लेखक नाही. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेतली उत्तरं सोडली तर पानभर सलग असं मी कधी लिहिलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे लिहिलेलं दाखवून 'हे बरोबर आहे का?' असं विचारावं तर तसंही कुणी नाही. म्हणून आधीच माफी मागतो. मला एका माणसाबद्दल लिहायचं आहे आणि ते लिहिण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. पण एका प्रश्नाचं उत्तर मला फोनवर देता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

कुठलंही वाचन थांबलं की ते विचारायचे, "पुढे काय लिहिलंय?"

लाइटचं बिल असो, बँकेचं पत्र असो, औषधाची चिठ्ठी असो. मी वाचून थांबलो की हनुवटी जराशी वर जायची आणि डोळे माझ्या ओठांवर यायचे.

"पुढे?"

"पुढे काही नाही चाचा, सही आहे."

"कुणाची?"

"वाचता येत नाही."

"मग असं सांग ना, की वाचता येत नाही. काही नाही कसं?"

निजामपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणत. आयुष्यभर ते जॉबर होते, म्हणजे बंद पडलेला लूम, यंत्रमाग, दुरुस्त करणारे. कारखान्याच्या खडखडाटात त्यांचे कान गेले आणि कापसाच्या रुईने छाती धरली. माणसांचं बोलणं ते ओठांवरून ऐकत. तुम्ही तोंड फिरवलंत की त्यांच्यापुरते तुम्ही गप्प झालात. यंत्र मात्र ते तळहाताने ऐकत. तळवा सपाट ठेवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "बेअरिंग गेलीय." तुम्हीही असा एखादा कारागीर पाहिला असेल. त्याला विचारलं, कसं कळलं, तर तो तुमच्याकडेच नवलाने बघतो.

त्यांच्या शेठने लूम भंगारात काढले आणि शेड गोदामाला दिली. तेव्हा ऑफिसातली दोन फुटी काचेची टाकी चाचांनी मागून घेतली. सगळ्यांना वाटलं, सोनेरी मासे पाळणार.

"मासे मी खाल्लेत," चाचा म्हणाले. "ते बघत काय बसू?"

त्यांना हवी होती फुलं. त्यांचं मूळ गाव कोकणात, समुद्राला लागून. ओहोटीला खडकांवर जिवंत फुलं उघडायची, बोट लावलं की मिटायची. लहानपणी चाचा त्यांच्यावरून अनवाणी पळायचे. ती एकदा घरात बघायची होती. आणि गल्लीत इंग्रजी वाचणारा एकटा मी, म्हणून मला बोलावणं आलं. "प्रोफेसर, वाचून सांग. नवख्या माणसाला कुठली फुलं जमतील?"

प्रोफेसर! मी तेव्हा बारावी पास झालो होतो, तेही रडतखडत. पण ती हाक मारली की माझी मान ताठ व्हायची, हे खोटं कशाला सांगू?

मोबाइलवर मला एक पान सापडलं. छोट्या खाऱ्या टाकीत नवख्याने कुठली प्रवाळं, म्हणजे चाचांची ती फुलं, ठेवावीत याचं. त्यांच्या उंबऱ्यावर बसून मी ते रोज थोडं थोडं वाचायचो, अर्धं कळायचं, अर्धं डिक्शनरीत बघायचं. चाचांना दिसावं म्हणून तोंड मोठं उघडून, सवयीने आवाजही मोठा, त्यामुळे सगळी गल्ली शिकत होती. दगडी प्रवाळ ठेवणं आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे, तेवढं मी कॉलेजात एका सरांना विचारून आलो. म्हणजे मऊ प्रवाळंच घ्यायची. उजेड कमी लागणारी, पाण्याचा जोर सोसणारी. आणि घाई करायची नाही, आधी नुसतं खारं पाणी आठवडेच्या आठवडे फिरू द्यायचं.

चाचांनी दोन महिने नुसतं पाणी फिरवलं. शेजारच्या कारखान्यांतली रुई पडू नये म्हणून टाकीवर कोऱ्या कापडाचा तुकडा. सकाळ संध्याकाळ काचेवर तळवा ठेवून पंपाची थरथर तपासायची.

समोरचा टेलर ओरडायचा, "चाचा, नुसतं पाणी बघताय? आमच्या ड्रममध्ये पण आहे, या बघायला!"

"तुझ्या ड्रममध्ये मच्छरच्या अळ्या हायत," चाचा म्हणायचे. "त्या पण बघून आलोय."

मग नावांचा दिवस आला. पहिलं मशरूम, दगडाला चिकटलेल्या पानासारखं, सहजासहजी न मरणारं. दुसरं लेदर, चामड्यासारखं. तिसरं झोआ. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढ्या फुलांची सतरंजी, सगळ्यांत सोपी, भराभर वाढणारी. मी फोटो दाखवला. चाचांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"हीच," ते म्हणाले. "हीच ती. या अल्ला, हीच!"

फोटोच्या खाली एक परिच्छेद होता. जाड अक्षरात. त्याच्या सुरुवातीलाच असा लांबलचक शब्द होता की माझी जीभ पहिल्याच अक्षरांशी अडली. टेलरने मशीन थांबवलं होतं. चाचांचे डोळे माझ्या ओठांवर.

"पुढे काय लिहिलंय?"

"पुढे जाहिरात आहे, चाचा."

"कसली?"

"मोबाइलची."

"सोड मग."

एवढंच झालं. टेलरचं मशीन पुन्हा सुरू झालं.

मुंबईच्या बाजारातून आम्ही तिन्ही आणली. पिशव्या चाचांनी घरी येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवल्या नाहीत. पुढच्या काही महिन्यांत मी त्यांना जितकं हसताना पाहिलं तितकं कधी पाहिलं नव्हतं. सकाळी दिवा लावला की ती बटणं एकेक करून उघडायची आणि चाचा मला दारातून बोलवायचे, "ये, ड्युटीवर आली बघ सगळी!"

पण झोआ वाढतच गेली. मशरूमवर चढली. तेव्हा चाचांनी ठरवलं की झोआ चढलेला एक दगड बाहेर काढून साफ करायचा. साफ करायची त्यांची रीत एकच, जॉबरची. लूमचे तेलकट भाग ते धुण्याच्या सोड्यात, पत्र्याच्या डब्यात उकळायचे. दगडही त्यांनी तसाच डब्यात घातला. खोलीला खिडकी एकच, तीही रुई येऊ नये म्हणून बंद.

मी कॉलेजला निघालो होतो. उंबऱ्यावर बुटाची नाडी बांधत होतो. आत वाफ भरली होती.

"चाचा, वास येतोय."

"गावचा वास हाय. बस दोन मिनिटं."

मी बसलो. दोन मिनिटं बसलो आणि गेलो.

अकाउंट्सच्या तासाला माझ्या तोंडात रुपयाचं नाणं ठेवल्यासारखी चव आली. मला वाटलं, पित्त झालं असेल. मग टेलरचा फोन. "चाचाला श्वास घेता येत नाय. थंडी भरलीय, ओठ बधिर झाले म्हणतो. त्याला घेऊन दवाखान्यात चाललोय, तू ये."

रिक्षात बसल्यावर मी ते पान उघडलं. का उघडलं, माहीत नाही. आता कुणी ऐकत नव्हतं, म्हणून सावकाश वाचलं. जो शब्द मी ओलांडला होता ते विषाचं नाव होतं. त्याखाली लिहिलं होतं, उघड्या हाताने घासू नका. हा दगड कधीही उकळू नका. वाफ छातीत गेली तर जीव जाऊ शकतो. साधं इंग्रजी होतं. तो एक शब्द सोडला तर बाकीचा प्रत्येक शब्द मला येत होता.

हॉस्पिटलात चाचांच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. छाती भात्यासारखी हलत होती. डॉक्टरांनी विचारलं, "जुना दमा आहे ना? लूमवर होते?" आणि मी मान हलवली. हो म्हणून हलवली. मोबाइल माझ्या खिशात होता. त्यातलं पान माझ्या मांडीला गरम लागत होतं, असं मला वाटत होतं. डोक्यात काय काय आलं ते सांगायची लाज वाटते. पोलीस येतील. गल्लीत कळेल की याला वाचता येत नाही. बाबा सायझिंगमध्ये, सुताला खळ लावतात त्या कारखान्यात, सगळ्यांना सांगतात, माझा पोरगा इंग्रजी वाचतो. ते आता काय सांगतील? भिंतीवरच्या घड्याळाचा काटा वीस मिनिटं पुढे गेला तरी मी तसाच उभा होतो. एक माणूस गुदमरत होता आणि मी माझं नाव वाचवत होतो.

तेवढ्यात चाचांनी हात हलवला. पलंगाशेजारच्या मशीनवर त्यांनी तळवा सपाट ठेवला, डोळे मिटले, मग उघडून माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा वर केला. मशीन ठीक चाललंय. घाबरू नकोस. ते मला धीर देत होते.

मी डॉक्टरांकडे गेलो. पण आधी चाचांकडे पाठ केली, ओठ दिसू नयेत म्हणून. मग सगळं सांगितलं. डब्याचं, वाफेचं, आणि मी न वाचलेल्या परिच्छेदाचंही. मोबाइल पुढे केला. डॉक्टर आधी वैतागले, "फूल? कसलं फूल?" मग वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला.

"तू होतास तिथे?"

"दोन मिनिटं."

"तोंडाची चव कशी आहे?"

मी सांगितलं. "बस इथे, कुठे जाऊ नकोस," ते म्हणाले आणि नर्सला हाका मारत निघाले. संध्याकाळपर्यंत मी चाचांच्या बाजूच्या पलंगावर होतो. मधे एक पडदा होता, तो मी ओढून घेतला होता.

पाच दिवसांनी चाचा घरी आले, पण अर्धेच आल्यासारखे. त्यांची मुलगी, मी तिला आपा म्हणतो, कोकणातून येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "टाकी बघ. घाबरत घाबरत बघ, म्हणजे नीट बघशील."

मी म्हणालो, "चाचा, त्या दिवशी मी..."

त्यांनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटल्यावर त्यांना काहीच ऐकू येत नाही. मला वाटलं, दमले असतील.

तेव्हापासून खिडकी उघडी ठेवून, कोपरापर्यंत हातमोजे घालून मी टाकीचं पाणी बदलतो. सकाळी काचेवर तळवा ठेवतो. बटणं उघडतात, आणि दरवेळी माझ्या तोंडात ती चव येते. मोबाइलवर आपाचं नाव दिसलं की फोन कधी उचलायचो, कधी नाही. उचलला तर "बरे आहेत" एवढं ऐकून पटकन ठेवून द्यायचो.

परवा दुपारी तिचे लागोपाठ तीन फोन आले. तिसरा उचलला.

"अब्बा गेले रे, जुम्म्याला," ती म्हणाली. "छाती आधीच गेली होती, डॉक्टर म्हणाले रुईनेच." ती बोलतच राहिली, रडत होती आणि मधेच हसतही होती. "शेवटी शेवटी फार हट्टी झाले होते. माझी पोरगी गोळ्यांचा कागद वाचून दाखवायची, तर म्हणायचे, आधी सगळ्यात खालचं वाच. ती चिडायची, नाना, असं कोण वाचतं? तर म्हणायचे, माझ्या प्रोफेसरने एकदा माझ्याकडे पाठ करून डॉक्टरला काहीतरी सांगितलं. तेव्हाच समजलो मी, ती जाहिरात नव्हती."

मग तिने विचारलं,

"कसली जाहिरात रे, भाऊ?"