आचाऱ्याची वेणी

चिनी वंशाचा होलिस क्वान कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या नाशपातीच्या बागांत जन्मला, महायुद्धात अमेरिकेच्या फौजेतून लढला. चीन त्यानं फक्त नकाशात पाहिला होता. पण लॉस एंजेलिसला नट म्हणून आल्यापासून त्याच्या वाट्याला आले ते धोबी, आचारी आणि अफूवाले. एकसष्ट साली टीव्हीवरच्या गुराख्यांच्या मालिकेत तो आचारी झाला. खोटी वेणी लावून "मालक रागवू नाही, मी सूप करते" म्हणायचं, की लोक खो-खो हसायचे. घर चालत होतं.

एका सोमवारी नव्या भागाच्या संहितेची पानं हातात पडली. नायक गंमत म्हणून आचाऱ्याची वेणी कापतो आणि आचारी रडत पळतो. होलिसच्या आजोबांची खरी वेणी गोऱ्यांच्या टोळक्यानं भर रस्त्यात कापली होती; त्या काळी चिनी पुरुषाची वेणी जाणं म्हणजे अब्रू जाणं. महिनाभर म्हातारा घराबाहेर पडला नव्हता.

तो दिग्दर्शकाकडे, हॅस्केलकडे गेला. "साहेब, एवढं सोडून काहीही सांगा."

"खोटे केस आहेत रे! मान थोडीच कापतोय तुझी? जमत नसेल तर दहा जण दाराशी उभे आहेत."

जेवणाच्या सुट्टीत त्यानं बायकोला फोन केला. लोरेन म्हणाली, "काम गेलं तर बघू. पण आज जे करशील ते आपली पोरं बघणार, हे विसरू नकोस."

दुपारी कॅमेरा सुरू झाला. नायकाचं काम करणारा डेल कात्री घेऊन हसत पुढे आला. होलिसनं त्याचं मनगट धरलं आणि आचाऱ्याची मोडकी बोली सोडून स्वतःच्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "कात्री खाली ठेव."

"थांबा!" हॅस्केल ओरडला. "पुन्हा!"

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा डेलचाच हात पुढे येईना. "माझ्याच्यानं होत नाही," तो पुटपुटला आणि त्यानं कात्री टेबलावर टाकली. हॅस्केलनं हातातली पानं भिरकावली, पण सूर्य कलत होता, चित्रीकरणाचा उजेड संपत आला होता. प्रसंग गाळावा लागला.

पुढच्याच भागात कोणीतरी म्हणालं, "आचारी चीनला परत गेला." बस्स, तेवढंच.

दोन वर्षं होलिसला कोणी बोलावलं नाही. त्यानं हार्डवेअरच्या दुकानात खिळे विकले आणि शनिवारी चर्चच्या तळघरात हौशी नाटकं बसवली. पहिल्याच नाटकात त्यानं न्यायाधीश केला. समोर जेमतेम चाळीस माणसं होती. तो आपल्या स्वच्छ इंग्रजीत निकाल वाचत असताना त्याची धाकटी शेजारणीला मोठ्यांदा म्हणाली, "बाबा घरीपण असंच बोलतात."